हाली, कलदार आणि युरो

पैनगंगा ओलांडली की रुपया बदलतो, हे माझ्या आजोबांच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. नदीच्या अलीकडे आमचं आदिलाबाद, म्हणजे निजामाचं राज्य, तिथं हाली सिक्का चालायचा. पलीकडे वऱ्हाड, तिथं इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार, असा ढोबळ हिशेब. आमच्या बेल्याकडचा कास्तकार पांढरकवड्याच्या बाजाराला निघाला, की नदीच्या पाण्यात पाय घालण्याआधीच मनात सातास सहाचा गुणाकार-भागाकार उरकून घ्यायचा. परतताना तोच उलटा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाची सत्ता गेली, तरी हालीची सवय जायला काही वर्षं लागली. आजोबा म्हातारपणीसुद्धा मोठी रक्कम ऐकली की विचारायचे, "हाली का कलदार?"

असा वारसा असलेल्या माणसाला परक्या नाण्याची धास्ती वाटायला नको. पण युरोनं मला घाबरवलं.

२०२४ च्या शरदात युरो नव्वद रुपयांच्या वर होता. मी तो रुपयांत मोजलाच नाही, कापसात मोजला. आदिलाबादच्या माणसाला दुसरं माप सुचत नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. शेंगेन व्हिसाची फी नव्वद युरो. म्हणजे क्विंटलभर कापूस टाकूनही वर सहा-सातशे रुपये घालायचे, तेव्हा कुठं अर्ज आत सरकणार. शिवाय हा हमीभाव कागदावरचा. काट्यावर बंडी उभी राहिली आणि ओलावा जास्त निघाला, की तोही खाली येतो. त्यातून उरलेल्या पैशात युरोप बघायचा! व्हिसाच्या कागदांत बँकेचा उतारा, परतीचं तिकीट, मुक्कामाचा पुरावा आणि तीस हजार युरोंचा विमा, असं सगळं लागतं. माझ्या जिवाची एवढी किंमत उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी केली, याचं मात्र बरं वाटलं.

जायला निमित्त होतं पुतणीचं. ती व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात शिकते. तेलंगणातली पोरं अलीकडे जर्मनी-ऑस्ट्रियाकडे का वळतात, याचं उत्तर तिच्या फीच्या पावतीवर होतं: सहामाहीला ७२६ युरो ७२ सेंट. ज्ञानाची ओढ वगैरे असेलच, पण आमच्याकडे कुठलीही ओढ आधी पावती बघते. घरात चर्चा झाली. एवढ्या पैशात काशी-रामेश्वर होऊन वर गावजेवण घालता आलं असतं, असं मत पडलं. ते खोटं नव्हतं. पण माझ्या मनात दुसरं एक निमित्त होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. व्हिएन्नात जन्मलेला एक माणूस आमच्या जिल्ह्यातल्या मारलवाई नावाच्या गोंड खेड्यात येऊन राहिला होता. तो जिथून आला ते गाव बघायचं होतं. त्याच्याकडे नंतर येतो.

विमानतळावरून शहरात जायला दोन गाड्या. एक खास प्रवाशांसाठी, झगमगीत, कुठंही न थांबणारी. दुसरी रोजच्या लोकांची, थांबत थांबत जाणारी, वेळ थोडाच जास्त घेणारी आणि तिकीट निम्म्याहून कमी. महागड्या शहराची ही पहिली खूण समजावी. नवख्याला दिसेल असं दार वेगळं असतं आणि तिथं राहणारे वापरतात ते वेगळं. दुसरं दार लपवलेलं नसतं, फक्त त्यावर मोठी पाटी नसते. पुतणी न्यायला आली होती म्हणून आम्ही दुसऱ्या दारानं शिरलो.

मुक्काम पोरासोरांच्या वसतिगृहवजा जागेत, एका खोलीत सहा खाटा. माझ्या वयाचा तिथं कुणी नव्हता. पण स्वयंपाकघर होतं आणि मी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि तिखट सोबत नेलं होतं. पहिल्याच संध्याकाळी भाकर थापली. थापली चांगली, पण चूल विजेची, वर गुळगुळीत काळी काच. तव्यावर एक बाजू झाली, दुसरी झाली, आणि आता जाळावर टाकायची वेळ आली तेव्हा जाळच नाही! काचेवर ठेवली तर करपते, फुगत नाही. शेवटी ओल्या फडक्यानं कडेकडेनं दाबत राहिलो, तेव्हा मधे रुपयाएवढा एक पोपडा सुटला. चव होती, पापुद्रा नव्हता. शेजारी पास्ता उकळणारा पोरगा ते सगळं फार गंभीरपणे बघत होता. त्याला अर्धी दिली. त्यानं त्यावर जॅम लावला. मी काही बोललो नाही.

पाण्याची बाटली मात्र मी दुकानातून उचलली होती. पुतणीनं ती हातातून घेऊन परत फळीवर ठेवली. "काका, पाणी विकत काऊन घेता? नळ सोडा अन् प्या." मी तिच्याकडे बघितलं. आमच्याकडे परगावच्या नळाचं पाणी पिणं हे धाडस असतं. पण प्यायलो. थंड, हलकं, विहिरीच्या तळाशी असतं तसं. मग मी त्या पाण्याच्या मागे लागलो, आणि जे हाती आलं त्यानं माझा सगळा प्रवास वसूल झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात व्हिएन्नाचं पाणी वाईट होतं. विहिरी आणि नदी, दोन्ही घाण. विषमज्वर आणि पटकी हे घरचे पाहुणे. तिथल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा एक प्राध्यापक होता, एडुआर्ड झ्यूस. तो नगरपालिकेवर निवडून गेला आणि त्यानं हट्ट धरला, की पाणी आल्प्सच्या झऱ्यांमधून आणायचं. शहरापासून लांब, डोंगरातून, बोगदे आणि पूल बांधून. खर्चाच्या आकड्यांवर तेव्हाही लोक ओरडले असणारच. नगरपालिका कुठलीही असो. पण १८७३ साली ते पाणी शहरात पोचलं. १९१० साली दुसरी वाहिनी झाली. आजही हे पाणी डोंगरातून नुसत्या उतारानं वाहत येतं, चढवायला पंप लागत नाही. श्वार्त्सेनबेर्गप्लाट्झ नावाच्या चौकात त्या पहिल्या दिवसाचं उंच कारंजं अजून उडतं. रस्त्यांवर ठिकठिकाणी प्यायच्या पाण्याचे नळ आहेत, कुणीही बाटली भरावी.

आणि हाच झ्यूस, ज्यानं पृथ्वीवरच्या एका प्राचीन महाखंडाला गोंडवनलँड म्हटलं! १८८५ च्या सुमारास, आपल्या मोठ्या ग्रंथात. मध्य भारतातल्या खडकांच्या थरांना भूगर्भशास्त्रज्ञ आधीपासून गोंडवन म्हणत; झ्यूसनं ते नाव उचलून आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत अशा सगळ्या जुन्या जमिनीवर पसरवलं. बेल्लमपल्लीचा कोळसा ज्या थरांतून निघाला, ते हेच. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातली माती, गोंडांचं नाव आणि व्हिएन्नाचा नळ, हे तिन्ही एका माणसाच्या डोक्यात एकत्र नांदले होते, हे त्या कारंज्यासमोर बसून कळलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. बाजूच्या बाकावरच्या आजीबाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

तिथं बसल्या बसल्या माझं एक मत पक्कं झालं. शहर महाग की स्वस्त, हे हॉटेलांच्या दरांवरून ठरवू नये. खिशात काही नसलेल्या माणसाला ते काय देतं, ते बघावं. प्यायला पाणी, टेकायला बाक, चालायला पदपथ, नैसर्गिक विधीला जागा, आणि कुणी हटकणार नाही याची खात्री. या मापानं मोजलं तर व्हिएन्ना फार महाग नाही. आणि याच मापानं आपली कितीतरी स्वस्त म्हणवणारी शहरं खिसा कापणारी निघतात. आपल्याकडे स्टँडवर उतरलेला माणूस आधी वीस रुपयांची बाटली घेतो, मग बसायचं म्हणून चहा घेतो. गरिबाला प्रत्येक गोष्ट सुटी विकत घ्यावी लागते, म्हणून स्वस्ताई त्याला परवडत नाही.

पैशाची लाज मात्र वेगळी गोष्ट आहे. ती कुठंही नेली तरी सोबत येते. व्हिएन्नाच्या कॉफीघरांचं फार ऐकलं होतं. २०११ साली त्यांना तिथल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान मिळाला. एका दुपारी हिंमत करून शिरलो. दुधाची एक कॉफी साधारण सहा युरो. आमच्याकडे वेचणीला गेलेल्या बाईचा दिवस तेवढ्यात जातो. काळ्या कोटातल्या वाढप्यानं धातूच्या छोट्या तबकात कप ठेवला आणि शेजारी पाण्याचा पेला, त्याच आल्प्सच्या पाण्याचा. कॉफी दहा मिनिटांत संपली. मला वाटलं, आता उठावं लागणार. पण शेजारचा म्हातारा लाकडी दांडीला लावलेलं वर्तमानपत्र घेऊन बसला होता, त्याचा कप माझ्याआधीच रिकामा झालेला. तो तासभर हलला नाही. वाढप्यानं येऊन त्याचा पेला भरला, मग माझाही. तेव्हा उमगलं, की सहा युरो कॉफीचे नसून खुर्चीचे आहेत, आणि खुर्चीला वेळ लावलेली नाही. मग मीही वसूल करायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत बसलो. चार पत्रं लिहिली.

नवव्या जिल्ह्यात, विद्यापीठापासून जवळ, एक पाकिस्तानी खानावळ आहे, 'वीनर दीवान'. २००५ पासून तिचा नियम एकच: हवं तेवढं जेवा, मनाला येईल ते द्या. पुतणी म्हणाली, विद्यार्थ्यांची तर ती माउलीच. डाळ, भाजी, भात, मोठमोठ्या भांड्यांतून आपल्या हातानं वाढून घ्यायचं. डाळ जिऱ्याची, ओळखीची. पोटभर जेवलो. खरा कस लागला तो नंतर. भाव लिहिलेला असता तर तो दिला असता आणि कुरकुरलो असतो, सोपं काम. इथं गल्ल्यासमोर उभं राहून स्वतःलाच विचारायचं, की तुझी ऐपत किती. माझ्या पुढच्या पोरानं चिल्लर ठेवली, त्याच्या पुढच्या कोटवाल्या बाईंनी मोठी नोट. गल्ल्यावरच्या माणसानं दोघांनाही सारखंच हसून निरोप दिला. मी खिशातल्या खिशात नोटा चाचपत होतो. कापसाचा हिशेब मनात आला, मग केसलापूर आठवलं.

इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेसराम कुळातले लोक पायी गोदावरीपर्यंत जातात, देवासाठी पाणी आणतात. डोंगर, जंगल, वाटेतली गावं; मुक्काम झाडाखाली, शिधा सोबत. जत्रेत बंड्या वडाखाली सुटतात, चुली पेटतात. इतक्या लांबच्या प्रवासाला इतका कमी पैसा लागतो, कारण वाटेवरच्या प्रत्येक गावाला आपण काय द्यायचं ते ठाऊक असतं. पाहुण्यानं काय ठेवायचं, तेही ठाऊक असतं. तिथं वाढलेल्या माणसाला व्हिएन्नाच्या गल्ल्यासमोर अडखळायला काय झालं? मी नोट ठेवली. किती, ते इथं सांगत नाही. खानावळीचा नियमच तसा आहे.

काटकसरीनं युरोपात राहिलेल्या मराठी माणसांत सगळ्यांत वर नाव बाबासाहेबांचं. १९२० साली ते अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, अशी शिदोरी होती. भाड्याच्या घरातलं जेवण तुटपुंजं. रात्री भूक लागली की सोबत्यानं दिलेले पापड, असं त्यांच्या चरित्रात येतं. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचं दार उघडायच्या वेळी हजर आणि बंद होताना बाहेर. लंडन तेव्हाही महागच होतं. पण त्या महाग शहरानं एक मोठी खोली सगळ्या जगाच्या पुस्तकांनी भरून ठेवली होती आणि आत बसायचे पैसे घेत नव्हतं. उपाशी माणसानं त्या खोलीतून काय नेलं, ते आपण जाणतो. बाबासाहेब ज्या घरांत राहिले, त्यांतलं किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली घेतलं. आज तिथं स्मारक आहे.

ऑपेराबद्दल थोडक्यात. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात उभ्याची तिकिटं मिळतात, चांगल्या जेवणाहून स्वस्त. सगळ्यांत महाग खुर्च्यांच्या बरोबर मागे कठडे, आणि जागा धरायला कठड्याला रुमाल बांधायची रीत. मी माझी दस्ती बांधली. समोर छोट्या पडद्यावर शब्द उमटत होते, तेही इंग्रजीत. पाय दुखले असं म्हणणार नाही. दिवाळीत गोंडांचा दंडारी नाच बघायला रात्र रात्र उभं राहिलेल्याला तीन तास म्हणजे काहीच नाही. गाणं कळलं की नाही ते विचारू नका.

आता तो माणूस. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, जन्म १९०९, व्हिएन्ना. तिथल्याच विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकला, नागांच्या प्रदेशात राहून आला. त्यानं तिथून आणलेल्या वस्तू आज व्हिएन्नाच्या मानववंश संग्रहालयात, म्हणजे वेल्टम्युझियममध्ये आहेत. ते संग्रहालय राजवाड्याच्या नव्या भागात आहे आणि त्याच इमारतीच्या सज्जातून १५ मार्च १९३८ रोजी हिटलरनं ऑस्ट्रिया जर्मनीला जोडल्याचं जाहीर केलं. समोर हेल्डेनप्लाट्झ हे भलंमोठं मैदान, तेव्हा माणसांनी भरलेलं. मी तिथं गवतावर बसलो. तिकीट काढून आत जावं असं वाटलं नाही, सज्जा बाहेरूनच दिसत होता.

त्या जोडणीनं हायमेनडॉर्फचा पासपोर्ट जर्मन झाला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो भारतात होता. शत्रू राष्ट्राचा नागरिक म्हणून अडकला. नशीब एवढंच, की तुरुंगाऐवजी त्याला निजामाच्या राज्यात राहायची मुभा मिळाली. १९४० साली जोडेघाटला गोंडांचे नेते कोमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले आणि गोंडांच्या रागाचं मूळ काय, हे शोधायचं काम निजाम सरकारनं याच अडकलेल्या माणसाकडे दिलं. तो आणि त्याची पत्नी बेट्टी मारलवाईत येऊन राहिले. कुडाचं घर, गोंड शेजारी. तिथंच १९४३ मध्ये गोंड मुलांची शाळा आणि शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. गोंडी वाचनमाला छापल्या त्या देवनागरीत, कारण त्या भागात लिहिता-वाचता येणाऱ्यांची लिपी तीच होती. आपले सेतुमाधवराव पगडी याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून गोंडांमध्ये वावरले, गोंडी शिकले आणि लिहूनही गेले.

हायमेनडॉर्फनं काय शोधलं, ते आमच्यासारख्यांना वाचताना बोचतं. जंगल सरकारनं राखीव केलं आणि काळी जमीन बाहेरून आलेल्यांच्या नावावर गेली. त्या बाहेरून आलेल्यांत पैनगंगा ओलांडून कापूस पेरायला आलेले मराठी कास्तकारही होते. आमचे पणजोबा त्यांतलेच. सातास सहाचा हिशेब येणाऱ्यानं हिशेब न येणाऱ्याची जमीन घेतली, असं सरळ म्हटलं तरी चालेल. मग पट्टे दिले गेले, हजारो गोंड कुटुंबांच्या नावावर जमीन झाली, पुढं त्यातलीही काही गेली. १९८१ ला इंद्रवेल्लीत गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ते आमच्या पिढीनं ऐकलं आहे.

ज्या माणसाला त्याच्या स्वतःच्या शहरात परत जाणं तेव्हा शक्य नव्हतं, त्याला मारलवाईनं घर दिलं. कागद मागितले नाहीत, विमा मागितला नाही. पुढं तो लंडनला प्राध्यापक झाला, जगभर नाव झालं, पण नवरा-बायको मारलवाईला येत राहिले. १९८७ साली बेट्टी हैदराबादेत वारल्या आणि त्यांना ठेवलं ते मारलवाईतच. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले. पुढं मुलानं त्यांच्याही अस्थी तिथंच आणल्या. व्हिएन्नात त्यांच्या नावाची पाटी शोधत मी फिरलो नाही.

पुतणीला मी निघताना एवढंच सांगितलं, की सुटीत आलीस की एकदा चल. तिनं मारलवाई बघितलेली नाही. आदिलाबाद शहरात वाढलेल्या बहुतेक मराठी पोरांनी बघितलेली नाही. आता जिल्हे तुटून ते गाव आसिफाबादेत गेलंय, पण वाट तीच आहे: उटनूरहून जैनूर, तिथून जवळच. दर वर्षी ११ जानेवारीला, बेट्टींच्या स्मृतिदिनी, गावात लोक जमतात. युरोपचं तिकीट काढायच्या आधी तिथं एकदा जाऊन या.